सुपडू कोतवालाची खानेसुमारी

तापीकाठच्या एका गावात सुपडू नावाचा कोतवाल होता. कोतवाल म्हणजे गावात दवंडी देणारा, सरकारी कागद इकडून तिकडे पोचवणारा माणूस. सुपडू भोळा होता. किती भोळा, तर एकदा तलाठी त्याला म्हणाला, "मी येईपर्यंत जरा दारावर नजर ठेव." सुपडू संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत उभा राहिला. मागच्या खिडकीतून माकडं शिरली आणि तलाठ्याचा डबा खाऊन गेली. दार मात्र जागेवर होतं.

त्या वर्षी खानेसुमारी, म्हणजे जनगणना आली. गावाची मोजणी बेंडाळे गुरुजींकडे होती. पण गुरुजी शाळेच्या पायरीवरून घसरले आणि त्यांचा पाय मोडला. गावात दवाखाना नव्हता. प्लास्टर घालायला त्यांना बैलगाडीतून अकरा किलोमीटर न्यावं लागलं. वाटेत खड्डे पुष्कळ होते. गुरुजींनी प्रत्येक खड्ड्याला एका देवाचं नाव घेतलं, तरी देव संपले आणि खड्डे उरले.

गावाची वस्ती हजारावर भरली तर गावाला दवाखाना मिळेल, असं सरपंच कौतिकबाईंना वरून कळलं होतं. गुरुजींच्या अंदाजाने गावात हजार चाळीस माणसं होती. ती फक्त कागदावर यायला हवी होती. मोजायला मात्र मोकळा माणूस एकच होता, तो म्हणजे सुपडू.

गुरुजींनी त्याला खाटेजवळ बोलावलं. म्हणाले, "हे बघ, काम सोपं आहे. घरोघरी जायचं आणि घरात जेवढी डोकी असतील तेवढी लिहून आणायची."

"समजलं, गुरुजी."

सुपडू पहिल्या गल्लीत शिरला. पहिलं घर बायजाबाईचं. म्हातारी एकटीच राहायची. सुपडूने बायजाबाईचं एक डोकं लिहिलं, शेळीचं एक लिहिलं. भिंतीवर दत्ताचं कॅलेंडर होतं, त्याची तीन लिहिली. कॅलेंडरातली गाय आणि चार कुत्री धरून आणखी पाच झाली. एकूण दहा.

"एवढी माणसं माझ्या घरात?" बायजाबाई म्हणाली. "आणि पाणी मीच एकटी भरते होय?"

संध्याकाळी गुरुजींनी यादी पाहिली. एका गल्लीत चारशे बारा. ते आढ्याकडे बघत समजावू लागले.

"अरे, डोकी म्हणजे माणसांची. माणूस दोन पायांवर चालतो. जो दोन पायांवर चालतो, तेवढाच लिही."

"समजलं, गुरुजी."

दुसऱ्या दिवशी त्याने शेळी काढून टाकली. दत्त कॅलेंडरात उभेच होते, चालत नव्हते, तेही गेले. कोंबड्या मात्र सगळ्या आल्या. बायजाबाईच्या शेजारी आनंदा महाजनाच्या घरी त्याचे वडील काठी टेकत बाहेर आले.

"तात्या, तुम्हाला तीन पाय आहेत," सुपडू म्हणाला. "तुम्ही बसत नाही."

"बसू कशाला? मी उभा आहे ना," तात्या म्हणाले.

आनंदाचं बाळ अंगणात रांगत होतं. त्याचे तर चार पाय झाले. सुपडूने आजोबा आणि नातू दोघांनाही वगळलं आणि कोंबडा लिहिला.

त्या यादीत महाजनांच्या घरी सतरा जण निघाले. गुरुजींनी कपाळाला हात लावला.

"सुपडू, कोंबडीला नाव असतं का? माणसाला असतं. तू प्रत्येकाला नाव विचार. जो नाव सांगेल त्याला लिही. संपलं."

"समजलं, गुरुजी."

तिसऱ्या दिवशी तो युवराज शिंप्याकडे गेला. युवराज मशीनवर होता. त्याच्या ओठांत टाचण्या धरलेल्या.

"नाव काय?"

"म्हं," युवराज म्हणाला.

सुपडूने त्याला सोडलं आणि त्याच्या बायकोकडे वळला. तिने आपलं नाव द्वारका सांगितलं.

"यांचं काय?"

"मी कशी घेऊ त्यांचं नाव?" द्वारका लाजली. "त्यांनाच विचारा."

तेवढ्यात पिंजऱ्यातून आवाज आला, "मिठू, मिठू."

"वडिलांचं नाव?"

"मिठू."

सुपडूला बरं वाटलं. इतकी चटपटीत उत्तरं दिवसभरात कोणी दिली नव्हती. घरात पुरुष म्हणून मिठूच उरला, तेव्हा कुटुंबप्रमुख तोच झाला. धंदा, मिरच्या खाणे. द्वारका त्याच्या खालच्या ओळीत आली.

गुरुजींनी ती यादी वाचली आणि प्लास्टरमधल्या पायाला हिसका बसला. बराच वेळ ते कण्हत होते. मग म्हणाले, "पक्ष्याला विचारू नको रे बाबा. घरातल्या कर्त्या माणसाला विचार. तो सांगेल ते लिहून घे."

"समजलं, गुरुजी."

चौथ्या दिवसाच्या यादीत माणसंच होती, पण ती अशी. नाव, ये बस. वडिलांचं नाव, चहा घेतोस का. आईचं नाव, अगं दूध उतू गेलं बघ. एका घरात तर कर्त्याने सुरतेला गेलेला मुलगा, नाशिकला दिलेली मुलगी आणि बारा वर्षांपूर्वी वारलेली आत्या, सगळ्यांबद्दल सांगितलं होतं. सुपडूने आत्येचं वयसुद्धा पुढची बारा वर्षं धरून लिहिलं होतं.

आता एकच सकाळ उरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तहसील कचेरीची जीप कागद न्यायला येणार होती. गुरुजी थकले होते. एकेक शब्द सावकाश उच्चारत ते म्हणाले, "उजाडल्याबरोबर नीघ. घरोघरी जा. घरात जे माणूस तुझ्या डोळ्यांना दिसेल ते लिही. जे घरात नसेल ते लिहू नको. यात चुकायला जागाच नाही."

"समजलं, गुरुजी."

इकडे गावात कुरबुर चालू होतीच. तात्या महाजन म्हणत होते, मला वगळलं. युवराज म्हणत होता, माझ्या घरात पोपट कर्ता झाला. कौतिकबाईंनी विचार केला, हा घरोघरी हिंडतो म्हणून माणसं सुटतात. सगळ्यांना एका जागी उभं केलं तर एकही सुटणार नाही. त्यांनी दवंडी द्यायला सांगितली. दवंडी अर्थात सुपडूनेच दिली. ढोलकं बडवत तो ओरडला, "ऐका हो ऐका, उद्या उजाडताच सगळ्यांनी चावडीपुढं जमायचं, घरात कोणीही राहायचं नाही."

सकाळी सारा गाव चावडीपुढं आला. तात्या काठीसकट आले, बाळ कडेवर आलं. बायजाबाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. गुरुजींना खाटेसकट चौघांनी उचलून आणलं. माणसं रांगेत उभी राहिली. कौतिकबाईंनी स्वतः मोजलं, हजार त्रेचाळीस. त्यांनी दवाखान्याची जागासुद्धा बोटाने दाखवून ठेवली.

साडेदहा वाजले तरी सुपडूचा पत्ता नव्हता. अकराला तो मागच्या गल्लीतून घाम पुसत आला.

"ये बाबा," कौतिकबाई म्हणाल्या. "मोज आता."

"मोजून झालं," सुपडू म्हणाला. "घरोघरी जाऊन आलो. गावात एकही माणूस नाही. तसं लिहून जीपवाल्यांना वेशीवरच कागद दिले."

कडेवरच्या बाळाने उचकी दिली.

"अरे, मग आम्ही कोण आहोत?" तात्यांनी विचारलं.

"तुम्ही घरात नव्हता, तात्या."

गुरुजी कोपरावर रेलून उठले. आवाज अगदी मऊ होता. "सुपडू, निदान स्वतःला तरी लिहिलंस का रे? एक तरी माणूस राहिला असता गावात."

सुपडू त्यांच्याकडे बघतच राहिला. एवढे शिकलेले गुरुजी, आणि असं विचारतात.

"मला कसं लिहिणार, गुरुजी?" तो म्हणाला. "मी तरी घरी कुठं होतो?"