झिपरी खार आणि गरुडाचं पीस

जंगलात घरं बांधण्यापेक्षा शोधण्याचीच रीत होती, तेव्हाची ही गोष्ट. झिपरी नावाची खार पाखरांना ढोल्या शोधून द्यायची.

पुढे गरुडाने खारींना आपली पिसं वाटली. पीस डोक्यात खोवलं की गरुडाच्या नावावर गिऱ्हाईक आपोआप येई. झिपरीनेही एक घेतलं, पण खोवलं नाही.

"मग घेतलंस कशाला?" बाकीच्या खारी हसल्या.

"येईल कामाला."

एकदा धनेश पक्ष्याची मादी वडाच्या ढोलीत शिरायला निघाली. आत गेली की ती ढोलीचं तोंड लिंपून घेणार आणि पिल्लं मोठी होईपर्यंत बाहेर येणार नव्हती.

झिपरी आडवी आली. "थांब! आत जाऊन कुणी बघितलंय?"

"पीसवाल्या खारींनी दिलीय गं. गरुडाचं नाव आहे, बघायचं काय त्यात?"

झिपरी तडक ढोलीत शिरली. तिने आपलं पीस पार तळाशी दाबलं आणि बाहेर आणलं. ते चिंब भिजलं होतं.

मादी पिसाकडे बघतच राहिली. "अगं बाई! तळाला पाणी! माझी अंडी बुडाली असती..."

"दुसरी ढोली शोधू," पीस झटकत झिपरी म्हणाली. "पण हे वाळू दे. तिथेही आधी मीच आत जाणार."