सोडलेले चेंडू

"सर, ती चेंडू सोडते. मी मारते. तरी नाव तिचं?"

महाजन सर मैदानावर चुन्याच्या रेषा आखत होते. त्यांनी मान वर केली नाही.

तेजल बाविस्कर समोर उभी होती. खांद्याला पिशवी, पिशवीत संघाची जर्सी, धुऊन घडी घातलेली. ती परत करायची आणि बेसबॉल कायमचा सोडून द्यायचा, असं ठरवूनच ती सकाळी सकाळी चोपड्याच्या त्या मैदानावर आली होती. राज्याच्या संघासाठी कॉलेजातून एकच नाव जाणार होतं. सरांनी सायरा तडवीचं पाठवलं होतं.

"या वर्षी तीस वेळा बॅटिंगला उभी राहिलीस," सर म्हणाले. "होमरन किती?"

"पाच. एक तर कुंपणापलीकडे, केळीच्या बागेत."

"सायराचे?"

"एकही नाही." हे सांगताना तेजलला बरं वाटलं.

"आणि बेसवर किती वेळा पोचलीस?"

"...ते पाच धरून नऊ वेळा."

"ती?"

आकडा तेजलला पाठ होता.

"सतरा. पण सर, त्यातल्या दहा वेळा ती नुसती उभी होती! चार चेंडू बाहेरून गेले, हिने सोडले, आणि हिला पहिला बेस फुकटात मिळाला. यात ती खेळली काय?"

सरांनी चुन्याचं घमेलं खाली ठेवलं. हात झटकले.

"मग तूही घेऊन दाखव. फुकटातला."

तेजलने पिशवी टाकली आणि बॅट उचलली.

"बॅट नको."

"बॅटशिवाय?"

"बॅटशिवाय."

पलीकडे सायरा बेस मांडत होती. सरांनी हाक मारली तशी ती ग्लोव्ह चढवून बॅटिंगच्या जागेमागे, होम प्लेटच्या पाठीशी झेलायला बसली. तेजलकडे तिने पाहिलं नाही. आठवडाभर दोघी बोलल्या नव्हत्या.

तेजल रिकाम्या हातांनी उभी राहिली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नशीब, या दोघांखेरीज बघायला कोणी नव्हतं.

सरांचा खांदा कधीच कामातून गेला होता, पण चेंडू अजून सांगितल्या जागी जायचा. त्यांनी पहिला टाकला. तेजलचे दोन्ही हात आपोआप फिरले.

"हा मारला असतास?"

"हो!"

दुसरा आला.

"हा?"

"हा तर बागेत गेला असता."

तिसरा.

"हाही मारला असता सर. तिन्ही मारले असते."

सर सायराकडे वळले. "कुठे होते गं?"

सायराने ग्लोव्ह हलवून दाखवला. पहिला घोट्याशी. दुसरा हातभर बाहेर. तिसरा खांद्याच्याही वर.

"तिन्ही हुकले," सर म्हणाले. "बाद. पुन्हा उभी राहा."

तेजलचे कान तापले. जर्सी उचलावी आणि चालू पडावं, असं तिच्या मनात आलं. पण पाय हलले नाहीत.

या वेळी तिने हात पाठीमागे बांधले.

पहिला चेंडू आला. ती नुसती बघत राहिली. चेंडूवरची लाल शिवण तिला दिसली... इतकी वर्षं खेळून ती अशी कधी दिसली नव्हती.

"बाहेर," ती म्हणाली.

सायराने मान डोलावली.

दुसरा. "बाहेर."

तिसरा अगदी मधोमध आला.

"हा मारला असता."

"असतास," सर म्हणाले. "हा कुंपणाबाहेर गेला असता. तो एक तुझ्यासारखं कोणी मारत नाही."

पुढचे दोन्ही खाली पडले. तेजलचं बोटही हललं नाही.

"झाले चार," सर म्हणाले. "जा."

ती चालत पहिल्या बेसवर गेली आणि थांबली.

होमरन मारणारा इथे थांबत नाही. पाय टेकवायचा आणि पुढे जायचं. या जागेवरून मैदान कसं दिसतं, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. होम प्लेट किती लांब होती... आणि मागून येणाऱ्या कोणी मारल्याशिवाय तिथे पोचता येणार नव्हतं.

तिला तिचे पाच होमरन आठवले. त्यातल्या चार वेळा ती चक्कर पुरी करून होमला पोचली, तेव्हा तिथे सायरा आधीच उभी होती. दोन्ही हात वर करून, तिच्याहून जास्त ओरडत. ही आपल्या आधी तिथे कशी पोचली, आपण मारला तेव्हा ही कुठल्या बेसवर थांबलेली होती, हा प्रश्न तेजलला एकदाही पडला नव्हता.

"सायरा, तू बॅटिंगला ये," सर म्हणाले.

सायरा उठली. तिथे एकच बॅट होती, तेजलची. ती घुटमळली.

"घे ना," तेजल बेसवरून म्हणाली. आठवडाभरातला तिच्याशी बोललेला तो पहिला शब्द. "जड आहे, जरा वर धर."

सायराने बॅट जरा वर धरली.

तेजल धावायच्या तयारीत वाकली. मग तिची नजर सायराच्या बारीक मनगटांवर गेली, तिथून लांबच्या होम प्लेटवर.

"सर..."

"काय?"

"तिने नाही मारला तर?"

सर हसले. हातातला चेंडू त्यांनी जरा फिरवला.

"हे तिने तुझ्याबद्दल कधी विचारलं नाही."