पाषाणराणी आणि सावलीतले नेचे

एका राज्यात एक उपवन होते, आणि त्या उपवनात भर दुपारी दिवे लावावे लागत. कारण करालजट मांत्रिकाने ऐन दक्षिणेस एक डोंगर आणून ठेवला होता. राणी हेमगौरी त्यास एवढेच म्हणाली होती, "आधी जटा विंचरून या, मग आमची फुले तोडा." त्या रागापायी त्याने डोंगर आणला, राणीला जागच्या जागी पाषाण केले, आणि शाप उच्चारला: "ज्याला फूल नाही, फळ नाही, बीज नाही, ते या सावलीत लेकुरवाळे होईल, तेव्हाच ही उठेल."

राजाने मोगरा लावला, गुलाब लावले. सारे पिवळे पडून मेले. राजकन्या मृगांका मात्र रोज सकाळी आईच्या दगडी अंगावरची धूळ ओल्या वस्त्राने पुसत असे. त्यात खंड नसे.

एके दिवशी कुंपणातून एक भारद्वाज पक्षी बाहेर आला आणि तांबडे डोळे वटारून बोलला, "राजकन्ये, मेलेल्या मोगऱ्याला पाणी घालण्यात कोणता पुरुषार्थ?"

"पक्षिराज, उपाय सांगा. टोमणे मारण्यास राजमाळी नेमलेला आहे."

"तर ऐक. नेचे लाव. कामे तीन. पहिले कठीण, दुसरे त्याहून कठीण. तिसरे तुला जमणार नाही."

नेचे धबधब्यामागच्या घळीत होते आणि त्यांच्यावर नागाचा पहारा होता. नागाने विचारले, "यांना काय देशील? आजवरच्या राजपुत्रांनी सोन्याच्या कुंड्या आणि उन्हाची गच्ची देऊ केली."

"सावली देईन. ओल देईन. माझ्यापाशी दुसरे काही नाही."

नाग बाजूला झाला. मृगांकेने मुळांच्या मातीसकट नेचे उचलले.

दुसरे काम लावणीचे. भारद्वाजाने बजावले की माती कुजलेल्या पाल्याची असावी, पाणी मुरावे पण साचू नये, गड्ड्याचा शेंडा मातीत पुरू नये, आणि ताजे शेण घालू नये, मुळे जळतात. इतक्यात राजमाळी सोमाजी ताज्या शेणाची गाडी घेऊन आला.

"सोमाजी, ते गुलाबांना घाला."

"गुलाब मेले, बाईसाहेब."

"म्हणूनच."

उन्हाळ्यात नेचे वाळून तपकिरी झाले. सोमाजी कुदळ घेऊन आला. "झोपलेल्याला उपटू नये," भारद्वाज झाडावरून म्हणाला. खरोखरच, हवेत गारवा येताच गोगलगाईच्या शंखासारखे गुंडाळलेले कोंब वर आले आणि एकेक उलगडून हातभर झाले. हा नेचा काटक. मान टाकतो, प्राण टाकीत नाही.

मग पानांच्या पाठीवर तपकिरी ठिपके उमटले.

"तांबेरा!" सोमाजी ओरडला.

मृगांकेला अस्वच्छता खपत नसे. तिने वस्त्र भिजवले आणि पान न् पान पुसून काढले. शेवटचा नेचा राणीच्या पाषाणाला खेटून उभा होता. तिकडे हात जाणार, तोच भारद्वाजाने आकांत मांडला.

"थांब! अग, ती लेकरे आहेत!"

"ही धूळ?"

"हीच धूळ. बीज नसते, म्हणून हीच. तिसरे काम सांगतो: पुसणे सोड. पानेही, आणि पाषाणही."

आईसाठी मृगांकेच्या हातून होण्याजोगे तेवढे एकच तर होते. "आईसाहेबांच्या अंगावर धूळ राहू देऊ?"

"राहू दे."

तिने वस्त्र सोमाजीच्या हाती दिले आणि हात पदराखाली धरून बसली. ठिपके फुटले, धूळ उडाली, ओल्या पाषाणावर बसली. दिवस गेले. राणीच्या दगडी पदरावर नखाएवढ्या हिरव्या टिकल्या दिसू लागल्या, आणि एके सकाळी प्रत्येक टिकलीतून केसाएवढा कोंब डोकावला.

पाषाणाने श्वास घेतला.

"मृगांके, माझ्या पदरावर हे काय उगवले आहे?"

"नेचे, आईसाहेब." तिने हात पुढे केला. "काढू का?"

"मुळीच नको. शोभतात."

शाप फिटताच हरलेला करालजट डोंगर उचलण्यास मुकाट्याने हजर झाला. मृगांकेने त्याला अडवले. "डोंगर असू द्या. ऊन आले तर ही लेकरे करपतील."

"मग मला शिक्षा कोणती?"

राणीने त्यास आपादमस्तक न्याहाळले. "रोज सकाळी पाणी घाला. पानांवर नव्हे, मुळांशी. झारी तेथे आहे."

मांत्रिकाने झारी उचलली. अशी ही कहाणी, फुलाफळांवाचूनच सुफळ, येथे संपूर्ण झाली.