मासा पोचला

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा सोनकी नदीवर साकव नव्हता आणि साकव बांधणाऱ्यांचे आजेही जन्मले नव्हते. हेदवाडीत तेव्हा सातच घरं होती. सातवं, अगदी नदीला टेकलेलं घर ठमाईचं. एकटी बाई, केस पांढरे, बोलणं थोडं आणि हट्ट मात्र सातही घरांना पुरून उरेल एवढा.

त्या वर्षी पाऊस भादव्यातच निघून गेला. नाचणीची कणसं भरलीच नाहीत. मार्गशीर्षात नदीची धार तुटली आणि सगळे मासे एका खोल डोहात गोळा झाले. तोच आपला खडसकोंड. खडस म्हणजे डोंगरातल्या थंड पाण्याचा, सोनेरी खवल्यांचा मासा. अंगानं दांडगा आणि स्वभावानं महासंशयी. कोंडाच्या तळाशी कपारी आणि बुडालेली झाडं, त्यामुळे जाळं टाकलं की फाटूनच वर यायचं. गांडूळ लावून गळ टाकावा, तर हिवाळ्यातल्या नितळ पाण्यात खडस त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसे.

मग वाडीनं ठरवलं की रामेठ्याच्या झुडपाची साल कुटून कोंडात टाकायची. त्या सालीच्या विषानं मासे भोवळ येऊन वर तरंगतात, लहान-मोठे, सगळेच. वाडीचा कारभारी होता धावजी. माणूस सरळ, पण शब्दाला फार कडक. त्यानंच मुसळं बाहेर काढायला लावली. भुकेल्या माणसांना दोष कसा द्यायचा? मी तरी देणार नाही.

ठमाई मात्र जाऊन त्या सालीच्या ढिगावरच बसली.

"म्या नवी नवरी व्हते तवा खालचा डोह असाच मारला," ती म्हणाली. "ह्याच हातांनी साल कुटली. येक दिस समद्यांनी पोटभर खाल्लं. त्याला आता चाळीस वर्सं झाली. तितं अजून बोटायेवढा मासा न्हाई."

"मंग खायाचं काय, ठमाई?" धावजीनं विचारलं.

"रोज येका घराला येक मासा. पाळीपाळीनं. शिवरात्रीपातूर. म्या आणीन."

लोक हसले. धावजी हसला नाही. तो म्हणाला, "ज्या दिशी रिकामी येशील, त्याच सांजंला साल पाण्यात."

"कबूल," म्हणाली ठमाई आणि ढिगावरून उठली.

आता ती मासे धरणार कशानं? तर पिसानं. कोंडावर दोन्हीकडून कडे आहेत, त्यामुळे हिवाळ्यात ऊन पाण्यावर पोचतं ते फक्त दुपारी, थोडा वेळ. ते ऊन पडलं की पाण्यातून बारीक पंखांचे किडे उठतात आणि तळाचा खडस त्यांना टिपायला वर येतो. हे ठमाईनं वर्षानुवर्षं बघून ठेवलं होतं. तिनं रानकोंबड्याच्या मानेचं पीस घेतलं, दोऱ्यानं गळाला गुंडाळलं आणि हुबेहूब तसा किडा केला. काठी बारीक बांबूची, दोरी बैलाच्या शेपटीच्या केसांची. काठावर उभं राहिलं तर सावली पडते, म्हणून ती खडकाआड कमरेएवढ्या पाण्यात उभी राहायची आणि पिसाचा किडा पाण्यावर असा टेकवायची की तरंगही उठू नये.

पहिल्याच दुपारी मासा लागला, असा की एका घराला दोन दिवस पुरावा. बाकीचे दिवस लोक रानातले कंद उकडून खात. दुसऱ्या दिवशी पुन्हा मासा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज सांजेला धावजी यायचा, तिच्या दुरडीत हात घालून मासा उचलायचा, नीट बघायचा आणि मगच ओरडायचा, "मासा पोचला!" तो ओरडल्याशिवाय वाडी मानत नसे.

थंडी तर अशी की पहाटे गवतावरचं दव गोठून पांढरं व्हायचं. असं म्हणतात, ठमाई इतकी निश्चल उभी राहायची की तिच्या पोटऱ्यांवर शेवाळ धरलं. असं म्हणतात, खंड्या पक्षी तिच्या काठीच्या टोकावर बसून तिच्याआधी मासे हेरायचा, आणि मोठा दिसला की मुद्दाम उडून तिला सांगायचा. तुम्हाला खोटं वाटत असेल तर वाटू दे. पौषात दुपारभर त्या पाण्यात उभे राहा आणि मग मला शहाणपण शिकवा.

मग एक दिवस आभाळ आलं.

ऐन पौषात काळं, जड आभाळ. दुपार झाली पण कोंडावर ऊन आलं नाही. किडे उठले नाहीत. खडस तळाला गप्प बसले. आणि त्या दिवशी पाळी होती खुद्द धावजीच्या घराची.

ठमाईनं काळं पीस लावून बघितलं, तांबडं लावून बघितलं. एकेक पीस कपारीत अडकून तुटलं. पिसं संपली तेव्हा तिनं डोक्यावरचे पांढरे केस उपटले आणि त्यांचा किडा बांधला. पायांची कातडी फाटून रक्त येत होतं, तरी हात थांबला नाही. अंधारू लागलं. सगळी वाडी कुटलेली साल टोपल्यांत घेऊन काठावर येऊन उभी राहिली.

शेवटी ती बाहेर आली. तिला धड चालवत नव्हतं.

"धावजी," ती म्हणाली, "आज तुज्या घरचा मासा व्हता. न्हाई गावला. टाक साल." आणि ती खडकावर बसून रडली. तिला रडताना वाडीनं तोवर कधी बघितलं नव्हतं.

धावजीनं रोजच्यासारखा दुरडीत हात घातला. आत एक ओलं पान होतं. त्यानं तिच्या पायांकडे बघितलं. मग खाली वाकून त्यानं ती रिकामी दुरडी दोन्ही हातांनी, जड असावी तशी उचलली, खांद्यावर घेतली आणि वाडीकडे तोंड करून ओरडला, "मासा पोचला!"

जन्मात खोटं न बोललेला माणूस.

सगळ्यांच्या पोटात आग होती आणि सगळ्यांना दुरडी दिसत होती. मग शेजारच्या घरची चिमा पुढं आली. तिनं आपल्या टोपलीतली साल काठावरच्या खड्ड्यात ओतली, पायानं वर माती लोटली आणि म्हणाली, "उद्या आमची पाळी हाय. ठमाई, चल, अंग शेक."

मागोमाग बाकीच्या टोपल्याही त्याच खड्ड्यात रिकाम्या झाल्या. धावजीच्या घरी त्या सांजेला मीठ, मिरची, हळद, चिंच घालून कालवण रटरटलं. त्यात मासा नव्हता. वास सात घरांत गेला आणि एकानंही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. ठमाईकडे केसांचा तेवढा एकच किडा उरला होता. असं म्हणतात, त्या एका गळाला दोन मासे आले. कसे आले ते कोंडाला विचारा. एक तिनं चिमाच्या घरी दिला. दुसरा धावजीच्या उंबऱ्यावर ठेवला आणि म्हणाली, "हा कालचा."

त्यानंतर शिवरात्रीपर्यंत एक दिवसही रिकामा गेला नाही. पुढं ठमाई कोंडातला खडक झाली असं काहीजण म्हणतात. मला पटत नाही. जी बाई त्या थंडीत दगड झाली नाही, ती नंतर कशाला होईल? म्हातारी होऊन, सगळ्यांच्या हातचं खाऊन गेली असेल.

हेदवाडीत आजही रामेठ्याला कोणी कोयता लावत नाही. आणि पौषात आभाळ येऊन कोंडावर ऊन पडलं नाही, की त्या दिवशी पाण्यात गळ पडत नाही. घरोघरी चिंच-मिरचीचं कालवण होतं, बिनमाशाचं. सांजेला शेजारीण दाराशी येऊन विचारते, "मासा पोचला का?"

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या नव्या सुनेनं झाकण उचललं, तर आत नुसतं तिखट पाणी. "अहो आत्या, ह्यात मासा कुठाय?" सासूनं तिला मांडीशी बसवून ही सगळी गोष्ट सांगितली. इतक्यात दाराशी शेजारीण आली, तिनं विचारलं. सासू काही बोलणार, तोच ती पोर डोळे पुसत उठली, पातेलं दोन्ही हातांनी उचलून धरलं आणि म्हणाली, "पोचला."