राणीच्या कोठारातलं धान्य

फार पूर्वी एका दमट जंगलात धान्य वाळवायला सगळेच लाकडं जाळत. त्या धुरानं पिल्लं खोकून बेजार होत.

सुगरण पक्ष्यानं वाऱ्यावर फिरणारा, धान्य वाळवणारा बांबूचा पंखा योजला. पण तो उभारणाऱ्या माकडांना पोसायला धान्य हवं होतं.

चिमी खारीकडे साठा होता. "पण पंखा फिरलाच नाही तर?" ती म्हणाली. "माझी पिल्लं काय खातील?" बाकीच्यांनीही आपापलं धान्य झाकूनच ठेवलं.

तेव्हा हत्तीण राणीनं सरकारी कोठार उघडलं. "लागेल त्यातलं निम्मं धान्य माझं. नुकसान झालंच, तर आधी माझं बुडेल. पंखा चालला, तर वाळवणीबद्दल जे धान्य मिळेल, त्यात धान्य देणाऱ्या सगळ्यांना वाटा."

चिमीनं भीतभीत आपलं धान्य आणलं. मागोमाग ससे आले, साळिंदर आलं.

पंख्याची पाती एकदा मोडली, सुगरणीनं ती पुन्हा विणली. मग मात्र पंखा झकास फिरू लागला. जंगलातला धूर विरला, चिमीच्या घरी वाटा येऊ लागला.

राणीचं धान्य तिला परत मिळालं, तशी ती ते पाठीवर लादून निघाली.

"राणीसाहेब, रागावलात?" चिमीनं घाबरून विचारलं.

"नाही गं. इथे आता माझी गरज नाही. पलीकडच्या खोऱ्यात पाणमांजराला पाणचक्की बांधायचीय, आणि कुणीच पुढे येत नाही."

"मग थांबा की," चिमी म्हणाली, "माझंही थोडं घेऊन चला."