लांबोळीची पाठवणी

फार वर्षांपूर्वी खाडीच्या काठावर आगरी लोकांचं एक गाव होतं. तिथल्या भातशेतांना माणसांसारखी नावं होती आणि खारं पाणी अडवायला बांध होता. मग ऋतूंनी आपलं वळण सोडलं. पाऊस वेळी-अवेळी कोसळू लागला, समुद्र वर चढू लागला. लोक बांध घालत आणि उधाण तो फोडून टाकी. शेवटी शेतं खारी झाली ती कायमचीच.

असं म्हणतात, तेव्हा त्या गावात कुणी रडलं नाही. लोक नुसते गप्प झाले. चुली पेटवायच्या राहून जात. भरती आली की माणसं झोपेतून दचकून उठत. गावच्या भगताने उताऱ्यासाठी कोंबडी मागितली, ती मिळाली, त्याने खाल्ली आणि गाव होतं तसंच राहिलं.

गावात बामीबाय नावाची धवलारीण होती, म्हणजे धवले ही लग्नगीतं गाऊन लग्न लावणारी बाई. तिचा धाकटा भाऊ चांगो. त्याचं लांबोळी नावाचं शेत पाण्याखाली गेलं होतं. रोज भरतीला तो फुटक्या बांधावर जाऊन बसे आणि रोज थोडा खाली सरके. एक दिवस हा पाण्यात उतरणार, अशी भीती बामीबायला वाटू लागली.

एका उधाणाला ती लग्नातलं लुगडं नेसून त्याच्या शेजारी बसली आणि पाठवणीचा धवला म्हणू लागली. नवरीच्या नावाच्या जागी तिने लांबोळीचं नाव घेतलं. लोक धावत आले.

"बामे, याड लागला का तुला? आसं लग्नाचा गाना गातंस?"

"पोर चालली, न तिला कुनी रडत पन नाय," ती म्हणाली आणि गातच राहिली.

असं म्हणतात, पाणी तिच्या पावलांपाशी येऊन थांबलं. गावातल्या एकेका शेताचं नाव गाऊन होईपर्यंत भरती पुढे सरकली नाही. ज्याच्या शेताचं नाव येई, तो हुंदके देऊ लागे. सगळ्यात शेवटी चांगो बोलला, "गेली गं बाय, माजी लांबोळी." तिच्या मांडीवर डोकं ठेवून तो पोटभर रडला आणि तिचा हात धरून बांध चढून वर आला.

शेतं परत आली नाहीत. तसं कुणी म्हणतही नाही. पण त्या खाडीकाठी आजही भरतीच्या वेळी बांधावर कुणी एकटं बसलेलं दिसलं, तर येणारा-जाणारा हातातलं काम टाकून शेजारी बसतो आणि बामीबायचं नाव घेऊन विचारतो, "तुज्या शेताचा नाव काय रं?"

उत्तर येईपर्यंत तो उठत नाही.