साळुंकीच्या कानातली नावं

एका राज्यात एक साळुंकी होती. चोरी झाली की कोतवाल तिचा पिंजरा चौकात आणी आणि विचारी, "कोणी केलं?" साळुंकी एक नाव घेई. त्या नावाचं माणूस धरलं जाई. साळुंकी कधी चुकत नाही, असं नगरातले लोक म्हणत.

डोंगराच्या पायथ्याशी कातळवाडी होती. तिथली माणसं काळीभोर, खाणीत राबणारी. वाडीत बारसं असलं की शिपाई पिंजरा घेऊन येत. आत्याने कुर्र करण्याआधी बाळाचं नाव साळुंकीच्या कानात सांगावं लागे. राज्यातल्या दुसऱ्या कुठल्याच घरी ती जात नसे. वाडीला याचा अभिमान वाटे. बाया तिला घुगऱ्या भरवत आणि म्हणत, "राजाचं पाखरू आपल्याच दारी येतं."

एके दिवशी राजखजिन्यातला नागमणी नाहीसा झाला. त्या मण्यात बघणाऱ्याला आपलं खरं रूप दिसे. मणी गेला आणि राज्यातलं सगळं पाणी कडू झालं. साळुंकीला विचारलं. ती म्हणाली, "कोंडी."

कोंडी कातळवाडीची. न्यायाधीशांनी पोथी उघडली. चोरीला चार शिक्षा होत्या. नगरातल्या पुरुषाची पगडी तीन दिवस उतरवायची. नगरातल्या बाईने महिनाभर उंबरा ओलांडायचा नाही. कातळवाडीच्या पुरुषाने वर्षभर बेड्या घालून खाणीत राबायचं. कातळवाडीच्या बाईचा दगड करायचा.

मांत्रिकाने पाणी शिंपडलं. कोंडीचे पाय दगडाचे झाले. दगड रोज वर चढणार होता. काळजाला लागला की संपलं. राजवाड्यासमोर अशा एकोणचाळीस बाया आधीच उभ्या होत्या.

कोंडीची धाकटी बहीण झेलू बारा वर्षं सात नद्यांपलीकडच्या मठात होती. पाखरांची भाषा शिकून ती परतली, तेव्हा दगड गुडघ्यांवर आला होता.

"अक्का, तू घेतलास मणी?"

"मला कशाला गं मणी? माझं रूप मला तांब्यातल्या पाण्यात दिसतं." कोंडी हसली. "पण टाचांच्या भेगा दुखायच्या थांबल्या बघ."

"मी तुला सोडवीन."

"आधी भाकर खा. केवढी वाळलीस."

झेलू पिंजऱ्यापाशी गेली. "साळुंके, खरा चोर कोण?"

"मला ठाऊक नाही. कानात आहेत त्यांतलं एक नाव घ्यायचं, एवढंच मला शिकवलं. कानात फक्त तुमच्या वाडीची नावं आहेत."

झेलूला वाडीतली बारशी आठवली. किती वर्षं, किती घुगऱ्या!

"आता उपाय?"

"तीन नावं. ज्याने पकडलं त्याचं, ज्याने शिक्षा सांगितली त्याचं, ज्याच्या सत्तेने ती झाली त्याचं. ज्याचं त्याने स्वतः माझ्या कानात सांगावं. मग मी खरं बोलेन आणि दगड उतरेल. पण काळीज दगड झालेलं माणूस उठणार नाही."

झेलू कोतवालाकडे गेली. कोतवाल शिपायांकडे बघून हसला. "माझं नाव? चोरांच्या पंगतीत?"

"पंगतीत बसलात तरी वाढणारे तुम्हीच आहात. की एवढ्याशा पाखराला भ्यालात?"

शिपायांनी मिशीत हसू दाबलं. कोतवालाने रागाने नाव सांगितलं. दगड कमरेवर आला.

झेलू न्यायाधीशांकडे गेली. ते म्हणाले, "मुली, नगरातल्या माणसाला लाज पुरते. तुमच्या बायकांना दगडच लागतो, असं पूर्वजांनी लिहिलंय."

"तुमची लेक आमच्या वाडीत जन्मली असती, तर कुठलं पान उघडलं असतंत?"

न्यायाधीश दोन दिवस पोथीपुढे बसले. तिसऱ्या दिवशी स्वतः चालत आले आणि नाव सांगून गेले. दगड बरगड्यांवर आला.

झेलू राजापुढे उभी राहिली.

"उद्या ये," राजा चंद्रकीर्ती म्हणाला.

"महाराज, उद्यापर्यंत दगड काळजाला लागेल."

"राजाचं नाव असं उभ्याउभ्या मागत नाहीत. उद्या."

त्या दिवशी राजा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो चौकात आला, पिंजऱ्यावर वाकला, नाव सांगितलं. साळुंकीने मान वर केली.

"चंद्रकीर्ती," ती म्हणाली.

राजा म्हणाला, "मण्यात मी माझं रूप पाहिलं. ते सोसलं नाही. मणी विहिरीत टाकला. साळुंकीने दुसरं नाव घेतलं, तेव्हा वाटलं, पाखरू चुकत नाही. म्हणजे चोर मी नसेनच."

त्याच क्षणी चाळीस दगड मऊ झाले आणि चाळीस बाया जमिनीवर कोसळल्या. झेलू धावली. कोंडीचे हात पूर्वीसारखे खरखरीत आणि ऊबदार होते. श्वास नव्हता. सकाळीच दगड काळजाला लागला होता.

विहिरीतून मणी निघाला, पाणी गोड झालं. पोथीप्रमाणे राजाची पगडी तीन दिवसांसाठी उतरवली. तेवढीच शिक्षा होती. चौथ्या दिवशीही त्याने ती घातली नाही. न्यायाधीशांनी पोथी जाळली. पुढे त्या राज्यात एका गुन्ह्याला सर्वांना एकच शिक्षा झाली, आणि दगड कुणाचाच झाला नाही. पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं.

पण हे सारं नंतरचं. त्या दुपारी राजा उघड्या डोक्याने झेलूजवळ आला. म्हणाला, "मुली, सगळ्यात कुशल पाथरवट बोलावतो. तुझ्या बहिणीचा पुतळा चौकात उभा करू. लोक हात जोडतील."

"नको, महाराज," झेलू म्हणाली. "आता तरी तिला मऊ राहू द्या."

तिने अक्काचं डोकं मांडीवर घेतलं आणि केसांतला गुंता हळूहळू सोडवू लागली.